सहीचा अधिकार

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने आपण सर्वांनी पाठशाळेत पाठ केलेली असतात. त्यांतील औषधदानाची परंपरा आपल्या व्यापारी घराण्यांनी पिढ्यानपिढ्या निष्ठेने जपली आहे. गावोगावचे धर्मादाय दवाखाने, प्रसूतिगृहे, नेत्रशिबिरे आणि रक्तपेढ्या यांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्या वाचत गेले तर आपली किती आडनावे भेटतात! या दानाबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु दात्याने दिलेले औषध रुग्णाच्या मुखापर्यंत पोहोचविणारा जो शेवटचा हात असतो, त्याच्याविषयी आपल्या सभांतून आणि अंकांतून क्वचितच बोलले जाते. तो हात परिचारिकेचा असतो. आजारी माणसाच्या शुश्रूषेला आपल्याकडे वैयावृत्त्य असे नाव आहे आणि अंतरंग तपात त्याची गणना केली आहे. म्हणजे शब्दांचा गौरव आपण पुरेसा केला आहे. मला येथे गौरवाविषयी लिहायचे नाही, अधिकाराविषयी लिहायचे आहे.

माझा जन्म पन्हाळा तालुक्यातील कोडोलीचा. वारणा खोऱ्यातले हे मोठे, बाजारपेठेचे गाव. आमचे भुसार मालाचे दुकान होते. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने काढलेला दवाखाना गावात असल्यामुळे पांढऱ्या पोशाखातील नर्स ही कोडोलीकरांना कधीच नवलाची वस्तू नव्हती. पलीकडे मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले आणि तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. म्हणजे आमच्या भागातल्या मुलींसाठी ही वाट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच खुली झालेली होती. तीवरून चालल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती घरांतील मुली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, या शिक्षणाकडे वळविण्याचा प्रयत्न केला. तरीही ‘परक्याच्या अंगाला हात लावायचे काम आपल्या मुलीने करायचे नाही’ हा समज व्यापारी घरांतून हलला नव्हता.

आमच्या घरीही तो होताच. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर आण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले, “रात्रपाळीला कोण सोबत असतं?” आईने मात्र वेगळी अट घातली. सूर्यास्तापूर्वी जेवायचे, मगच ड्यूटीला जायचे. ती अट मी तेहतीस वर्षे पाळली. अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. या काळात हजारो रात्री वॉर्डात काढल्या आणि त्या रात्रींनी मला एक गोष्ट शिकविली. रुग्णालयात ज्ञान, श्रम आणि जबाबदारी एका माणसाकडे असू शकते आणि सही करण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याकडे.

सहीचे महत्त्व व्यापारी कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही. आमच्या दुकानात दिवाणजी होते. रोजमेळ, खतावणी, उधारी, वसुली सारे त्यांच्या हाती. कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवस थांबवून घ्यावे हे आण्णांपेक्षा त्यांना अधिक कळे. पण धनादेशावर सही आण्णांची. यात अन्याय होता असे मला वाटत नाही. कारण वसुली बुडाली तर तोटाही आण्णांचाच होता. ज्याची सही त्याची जोखीम, असा तो सरळ व्यवहार होता. रुग्णालयात हा व्यवहार उलटा होतो. सही डॉक्टरांची असते, परंतु रात्री दोन वाजता रुग्ण खालावला तर पहिला जाब सिस्टरला द्यावा लागतो.

यातून एक विचित्र भाषा जन्माला येते. लेनर्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६७ साली ‘डॉक्टर-नर्स खेळ’ या नावाचा एक लेख लिहिला. त्याचे निरीक्षण असे, की काय करायला हवे हे नर्सला ठाऊक असते, पण ते तिने सुचविले असे दिसता कामा नये. सूचना तिने द्यायची, मात्र ती डॉक्टरांनाच सुचली असे वाटेल अशा रीतीने. हे निरीक्षण अमेरिकेतले असले तरी आमच्या वॉर्डात ते रोज घडत होते. “सर, सात नंबरला सकाळपासून लघवी कमी होतेय... काल तुम्ही त्या दुसऱ्या पेशंटला जे इंजेक्शन लिहिलं होतं ना...” इतके बोलून थांबायचे. मग पलीकडून आवाज यायचा, “हां, तेच द्या.” केसपेपरवर ऑर्डर त्यांची, निर्णय त्यांचा. नव्या मुली वॉर्डात आल्या की औषधांच्या मात्रेबरोबर आम्ही त्यांना हे बोलणेही शिकवीत असू.

हा खेळ रुग्णालयाने शोधून काढला असे मात्र कोणी समजू नये. आपल्या घरांतील स्त्रिया तो कितीतरी आधीपासून खेळत आल्या आहेत. कोणाला माल उधारीवर द्यावा, कोणाची नियत फिरली आहे, कोणत्या स्थळात पाणी मुरते आहे, हे आईला आण्णांच्या आधी कळत असे. ती ते जेवण वाढताना, दुसऱ्याच कशावर तरी बोलत असल्यासारखे सांगे. आठवड्याने आण्णा तोच निर्णय जाहीर करीत आणि आई पदर सारखा करून म्हणे, “तुम्ही म्हणता तेच बरोबर.” घरात या रीतीने संसार चालला असेल. पण अतिदक्षता विभागात आडवळणाने बोलण्यात जी दहा मिनिटे जातात, त्यांची किंमत रुग्ण मोजतो.

नव्वदीच्या दशकातली एक रात्र मी विसरू शकत नाही. एका रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात मी रात्रपाळीला होते. पहिलटकरीण मुलगी, वय एकोणीस-वीस. बाळंतपण सुखरूप झाले, मूल रडले आणि अर्ध्या तासाने तिच्या रक्तस्रावाचे मान मला बरे वाटेना. पिशवी आकसत नव्हती. नाडी जलद, हात गार पडत चाललेले. प्रत्येक प्रसूतिकक्षातील नर्सला हे चित्र ठाऊक असते आणि त्यात क्षणांचा हिशेब असतो हेही ठाऊक असते. मी पोट चोळून पिशवी आकसविण्याचा प्रयत्न सुरू ठेवला, आयाबाईंना पलंगाची पायाकडची बाजू उचलायला लावली, आणि निवासी डॉक्टरांना फोन केला. “होतं असं थोडं. बघा जरा वेळ, मग सांगा.” दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला. उत्तर तेच. तेव्हा मी सलाइन लावले, पिशवी आकसण्याचे इंजेक्शन त्यात घातले, रक्तगटासाठी नमुना धाडला आणि थेट विभागप्रमुखांच्या घरी फोन केला. ते वीस मिनिटांत आले. पहाटेपर्यंत मुलगी सावरली.

सकाळी तिच्या सासऱ्यांनी पेढे आणले. पहिला पेढा निवासी डॉक्टरांना दिला गेला आणि त्यांनी तो घेतला. याचे मला दुःख नव्हते. बाळंतीण पाणी पीत होती, मला तेवढे पुरे होते. चौथ्या दिवशी मला मेमो मिळाला. डॉक्टरांच्या लेखी आदेशाविना उपचार सुरू केल्याबद्दल आणि संबंधित डॉक्टरांना डावलून वरिष्ठांशी परस्पर संपर्क साधल्याबद्दल खुलासा करावा, असा त्यात मजकूर होता. मी खुलासा दिला. प्रत्येक फोनची वेळ, नाडी आणि रक्तदाबाचे आकडे, इंजेक्शनची वेळ असे सारे रात्रीच्या रिपोर्ट बुकात लिहिलेले होते. त्याची नक्कल जोडली. खाली एकच वाक्य लिहिले: ‘अशीच परिस्थिती पुन्हा आली तर मी हेच करीन.’ खुलासा फाइलला लागला. शिक्षा झाली नाही, शाबासकीही मिळाली नाही आणि नियमही बदलला नाही. तो बदलला नाही, ही गोष्ट मला आजही सलते. पुढच्या रात्री माझ्या जागी एखादी नवखी, पोटासाठी नोकरी करणारी आणि मेमोला भिणारी मुलगी असती तर काय झाले असते?

या प्रश्नाचे उत्तर जगाने काही प्रमाणात शोधले आहे. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. ज्या वस्त्यांत मुलांना डॉक्टर मिळत नव्हता, तेथे अधिक शिक्षण घेतलेली परिचारिका तपासणी करील, निदान करील आणि ठरलेल्या मर्यादेत उपचारही करील, अशी ती कल्पना होती. यातून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे पद निर्माण झाले. आज अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा परिचारिका स्वतःच्या सहीने औषध लिहून देतात. यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. ही कल्पना एका नर्सने आणि एका डॉक्टरने मिळून मांडली होती. आणि तिची सुरुवात डॉक्टरांशी भांडण म्हणून झाली नव्हती, डॉक्टर नसलेल्या ठिकाणच्या गरजेतून झाली होती. आपल्या वाड्या-वस्त्यांची गरज याहून वेगळी आहे काय?

भारतातही पावले पडली आहेत. गेल्या दशकात भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसूतिसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी सर्वसाधारण प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर कराव्यात, असे धोरण मांडले. २०२३ मध्ये संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा करून १९४७ चा जुना कायदा बाजूला ठेवला. कागदावर हे सारे आश्वासक आहे. परंतु औषधविषयक नियमांनुसार बहुतेक महत्त्वाची औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात आणि अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलीला त्या शिक्षणाला साजेसे पद बहुतेक रुग्णालयांत नसते.

डॉक्टर मंडळींचा एक आक्षेप आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने तिला तीव्र विरोध केला. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्ण सोपविला जाईल, ही त्यांची भीती. खेड्यापाड्यांतील भोंदू वैदूंचे प्रताप ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही भीती समजेल. परंतु नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे मोकाट सुटलेली परिचारिका नव्हे. तिने काय करायचे, कोणत्या मात्रेपर्यंत करायचे आणि कोणत्या क्षणी डॉक्टरांना बोलवायचेच, हे आधी लिहून ठरविलेले असते. असा लेखी दंडक त्या रात्री आमच्या प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर असता, तर मला मेमो मिळाला नसता आणि निवासी डॉक्टरांनाही ‘बघा जरा वेळ’ म्हणता आले नसते. दंडकाने दोघांनाही बांधले असते आणि रुग्णाला वाचविले असते.

मग एवढी साधी व्यवस्था व्हायला इतका उशीर का? माझ्या मते याचे मूळ वैद्यकशास्त्रात कमी आणि स्त्री-पुरुषांविषयीच्या आपल्या समजुतींत अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे पावणेतीन कोटी परिचर्या-कर्मचाऱ्यांपैकी नव्वद टक्के स्त्रिया आहेत. त्याच संघटनेच्या २०१९ च्या अहवालात म्हटले आहे, की आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांत स्त्रिया सत्तर टक्के, पण नेतृत्वाच्या जागांवर मात्र पंचवीस टक्केच. आपल्या मराठीतील पदनामे पाहावीत: परिचारिका, परिसेविका, अधिसेविका. सगळी स्त्रीलिंगी आणि सगळी सेवेची. ‘डॉक्टर’ या शब्दाला व्याकरणात लिंग चिकटलेले नाही, पण लोकांच्या मनात ते पक्के आहे. आमच्या वॉर्डात स्टेथोस्कोप अडकवलेल्या डॉक्टरीणबाईंना नातेवाईक ‘ओ सिस्टर’ म्हणून हाक मारीत आणि नुकताच लागलेला ब्रदर आला की ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून उठून उभे राहत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ साली दाखवून दिले, की स्त्रियांच्या मानल्या गेलेल्या व्यवसायांत शिरलेले पुरुष जणू अदृश्य सरकत्या जिन्यावर उभे असतात. ते न चालताही वर जातात. आमच्या ब्रदर सहकाऱ्यांपैकी कित्येकांनी रुग्णांची सेवा जीव ओतून केली आणि त्यांना लग्नाच्या बाजारात हिणवून घ्यावे लागले, हेही मी विसरत नाही. तरी वॉर्डात त्यांच्या शब्दाला आमच्यापेक्षा लवकर वजन येई, हे खरे आहे.

स्त्रीच्या हाती वॉर्डाचा कारभार सोपविण्याची कल्पना कोल्हापूरला नवी नाही. १८८६ साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेव्हा, कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-कक्षाच्या प्रमुखपदी नेमले होते. दुर्दैवाने फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्या पदावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांच्या रूपाने कोल्हापूरने स्त्री-डॉक्टरांचे कर्तृत्व पाहिले. शाहू महाराजांचे पाठबळ त्यांच्यामागे होते. डॉक्टर झालेल्या स्त्रीला जे सव्वाशे वर्षांपूर्वी द्यावेसे वाटले, ते परिचारिका झालेल्या स्त्रीला आजही द्यावेसे वाटत नाही. कारण तिचे काम आपल्याला विद्या वाटत नाही, स्वभाव वाटतो. ‘बाईच्या जातीला ममता असतेच’ असे म्हटले, की त्या ममतेचा पगार वाढविण्याचे कारण उरत नाही आणि तिला निर्णयाचा अधिकार देण्याचेही. त्यागमूर्ती, सेवामूर्ती ही विशेषणे मी निरोपसमारंभांत पुष्कळ ऐकली. ती उच्चारणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी मला शंका नाही. पण मूर्तीला कोणी सल्ला विचारीत नाही.

सल्ला विचारला गेल्याचे एक उदाहरण मात्र मला धीर देते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथीलच एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला आणि त्या जवळजवळ अचेतन अवस्थेत गेल्या. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी त्यांचे देहावसान होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्या बदलत त्यांची शुश्रूषा केली. त्यांना मरण द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला इतकी वर्षे सांभाळणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे. इच्छामरणाविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असू शकेल. मला त्या निकालातले एवढेच सूत्र महत्त्वाचे वाटते: जो सेवा करतो त्याला बोलण्याचा अधिकार आहे.

हे सारे आता मी एका निवृत्त बाईचे विचार म्हणून मनात ठेवले असते. पण आमच्या घरात पुढची पिढी याच वाटेवर आली आहे. माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी, बी.एस्सी. नर्सिंग करून पुढे अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनर झाली. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाचे व्हेंटिलेटर कसे सांभाळावे, कोणते आकडे धोक्याचे, कोणते औषध किती वेगाने सोडावे, हे ती मला सांगू लागली की मीच विद्यार्थिनी होते. नोकरी लागली तेव्हा तिच्या नियुक्तिपत्रावर पद होते ‘स्टाफ नर्स’ आणि पगारही तोच. “आत्या, शिकवलेलं सगळं येतं मला. पण विचारल्याशिवाय करायचं नाही आणि विचारायला रात्री कोणी नसतं,” असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या तोंडून माझीच तीस वर्षांपूर्वीची रात्र बोलत होती.

गेल्या वर्षी वधू-वर परिचय मेळाव्यासाठी तिचा बायोडेटा तयार करायचा होता. भावाने व्यवसायाच्या रकान्यात ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ असे लिहिले. मला म्हणाला, “आक्का, नर्स म्हटलं की चांगली स्थळं मागं सरतात. लग्नानंतर काय ते सांगू.” भाऊ वाईट नाही, बाजारात ज्या मालाला उठाव नाही त्यावर वेगळे लेबल लावावे, एवढेच त्याच्या व्यापारी मनाला सुचले. भाचीने तो कागद घेतला, रकाना खोडला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले: ‘नर्स प्रॅक्टिशनर, अतिदक्षता विभाग’. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही दुकानावर पाटी लावता ना? ही माझी पाटी.” भाऊ गप्प बसला. त्या कागदावर दोन स्थळे आली आणि त्यांतील एक परत गेले. दुसऱ्या घरच्या सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, “रात्रपाळीहून आल्यावर झोपायला मिळावं म्हणून काय करता तुम्ही?” तो प्रश्न ऐकून माझे डोळे भरून आले. तिच्या कामाला काम मानणारा तो प्रश्न होता.

आपल्या समाजाकडे या बाबतीत करण्याजोगे पुष्कळ आहे. कारण अनेक रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आपण बसतो आणि तेथे सहीचा अधिकार आपलाच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ साली केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन. शंभरांहून अधिक खाटा असतील तर त्याहून दहा टक्क्यांपेक्षा कमी नको. पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी नको. आणि पन्नासांहून लहान रुग्णालयातही वीस हजार रुपयांच्या खाली नको. आपण ज्या धर्मादाय रुग्णालयाला देणगी देतो, तेथे आज काय वेतन दिले जाते, हे विश्वस्त म्हणून एकदा विचारून पाहावे. स्वस्त दरात उपचार करण्याचे पुण्य परिचारिकेच्या पगारातून कापून घेतलेले असेल, तर ते दान आपले नव्हे, तिचे आहे.

वेतनाइतकेच महत्त्व अधिकाराला आहे. रक्तस्राव, झटके, श्वास लागणे, साखर एकदम उतरणे अशा दहा-बारा आणीबाणीच्या प्रसंगांत परिचारिकेने स्वतःहून काय करायचे, याचे लेखी दंडक वैद्यकीय मंडळाकडून करून घेऊन ते वॉर्डात लावता येतात. नर्स प्रॅक्टिशनर हे पद आपल्या आस्थापनेत निर्माण करता येते. अधिसेविकेला विश्वस्तांच्या सभेत बोलावून तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदविता येते. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

दात्याने मनावर घेतले तर काय होऊ शकते याचा दाखला मुंबईत आहे. १८८० च्या दशकात तेथील व्यापाऱ्यांनी आणि समाजसुधारकांनी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला, १८८३ साली इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची यांना बोलावून घेतले आणि पेस्तनजी कामा यांच्या दानातून १८८६ साली स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय उभे राहिले. त्या रुग्णालयाचा वैद्यकीय कारभार स्त्रियांच्या हाती सोपविण्यात आला. त्या काळी हे धाडस होते. त्यांनी केवळ इमारत बांधून दिली नाही, तर त्या इमारतीत कोणाचा शब्द चालेल याचाही विचार केला.

आपल्या समाजाच्या रुग्णालयांच्या वार्षिक सभा लवकरच होतील. जमाखर्च मंजूर होईल, नव्या यंत्राची खरेदी मंजूर होईल, देणगीदारांचा सत्कार होईल. विषयपत्रिकेत आणखी एक विषय घालावा, अशी माझी विनंती आहे: ‘रात्रपाळीच्या परिचारिकेचे अधिकार’. त्यावर अर्धा तास चर्चा झाली आणि एक लेखी ठराव झाला, तरी कुठल्यातरी प्रसूतिकक्षात, पहाटे दोन वाजता, एखाद्या मुलीला फोन वाजत राहण्याची वाट पाहावी लागणार नाही.